झाकली मूठ उघडली तेव्हा : एका तलाववाल्या कंपनीच्या वेबसाइटचं प्रकरण

घरामागच्या अंगणात पोहण्याचा तलाव ही बहुतेकांसाठी कर्ज काढून करायची हौस. अमेरिकेत निदान २००८ पर्यंत तरी तिचा हिशेब सोपा होता. घराची किंमत वाढत जायची, वाढलेल्या किमतीवर बँक आणखी कर्ज द्यायची आणि त्या कर्जातून अंगणात खड्डा खणला जायचा. घरांचे भाव कोसळले तसा हा झरा आटला. १५ सप्टेंबर २००८ ला लेहमन ब्रदर्स या मोठ्या गुंतवणूक बँकेने दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यानंतरच्या हिवाळ्यात तलाव बसवणाऱ्यांकडे नव्या चौकशीचे फोन कमी आणि इसार परत मागणारे फोन जास्त, अशी वेळ आली.

व्हर्जिनिया राज्यातल्या वॉर्सॉ नावाच्या लहानशा गावातली ‘रिव्हर पूल्स अँड स्पाज’ ही कंपनी त्यातलीच एक. २००१ मध्ये सुरू झालेली आणि व्हर्जिनिया व मेरीलँड या दोन राज्यांत फायबरग्लासचे तलाव बसवणारी. मार्कस शेरिडन हा तिच्या तीन भागीदारांपैकी एक. तेजीच्या दिवसांत कंपनीची वर्षाची उलाढाल ४० लाख डॉलरच्या वर होती आणि रेडिओ, टीव्ही व इंटरनेटवरच्या जाहिरातींवर ती वर्षाला सुमारे अडीच लाख डॉलर खर्चत होती. मंदी आली आणि महिन्याला सरासरी सहा असलेल्या ऑर्डरी कशाबशा दोनवर आल्या. ज्यांचे ५० हजार डॉलरच्या वरचे तलाव ठरले होते, त्यातल्या काहींनी इसार परत मागितला. काही आठवडे तर बँकेच्या खात्यात शिल्लकच नव्हती, ओव्हरड्राफ्टवर दिवस निघत होते.

इथून पुढची गोष्ट वेबसाइटच्या धंद्यात असलेल्या बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलेली असते, कारण २०१३ च्या फेब्रुवारीत ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ती छापली आणि नंतर ती भाषणाभाषणातून फिरली. फिरताना ती गुळगुळीत झाली. आता ती अशी सांगितली जाते : कंपनी बुडत होती, मालक ब्लॉग लिहू लागला, कंपनी वाचली, म्हणून तुम्हीही ब्लॉग लिहा. मला या गोष्टीतला ‘ब्लॉग’ हा शब्द सगळ्यात कमी महत्त्वाचा वाटतो. त्या वेबसाइटवर माणसं आली, कारण त्या धंद्यातले सगळे लोक ज्या प्रश्नाचं उत्तर झाकून ठेवत होते ते या माणसाने उघड्यावर मांडलं. ब्लॉग ही मांडायची जागा होती. सोशल मीडियाची भूमिका त्याहून लहान होती, आणि ती नेमकी किती हे समजून घेणं मला जास्त उपयोगाचं वाटतं.

माल काय होता

मालाची ओळख करून घेतल्याशिवाय हे प्रकरण कळत नाही. तलाव मुख्यतः तीन तऱ्हांचे. काँक्रीटचा जागेवर बांधतात, हवा तसा आकार मिळतो, पण काही वर्षांनी आतला थर पुन्हा करावा लागतो. व्हिनाइलच्या अस्तराचा सुरुवातीला स्वस्त, पण अस्तर ठरावीक वर्षांनी बदलावं लागतं. आणि फायबरग्लासचा म्हणजे कारखान्यातून एकसंध तयार होऊन आलेलं भलंमोठं टब. ते ट्रकवर लादून आणायचं आणि खड्ड्यात उतरवायचं. काम झटपट होतं, देखभाल कमी लागते. पण रस्त्यावरून न्यायचं म्हटल्यावर रुंदीला मर्यादा येते, साधारण १६ फुटांच्या आसपास. खोलीलाही मर्यादा असते आणि आकार कारखान्याच्या साच्यात असतील तेच मिळतात.

गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहा. ही खरेदी आयुष्यात एकदाच होते, रक्कम मोठी असते, चुकलं तर तलाव परत करता येत नाही आणि या विषयातलं त्याला काडीचंही कळत नसतं. असा माणूस निर्णयाआधी कित्येक महिने वाचत, विचारत, चाचपडत असतो. २००९ पर्यंत हे चाचपडणं सर्चच्या चौकटीत आलं होतं. माणसं तिथे ‘तलाव’ एवढा एकच शब्द टाकून थांबत नव्हती. शेजाऱ्याला विचारावं तसा पूर्ण प्रश्न टाइप करत होती. आणि उत्तरादाखल त्यांना काय मिळत होतं? चकचकीत निळ्या पाण्याचे फोटो, ‘गुणवत्ता हेच आमचं ध्येय’ आणि खाली एक फोन नंबर.

प्रश्नांची वही

शेरिडनची युक्ती इथे सुरू झाली, आणि तिला युक्ती म्हणणंही जरा जास्तच. तो विक्रीला लोकांच्या घरी जायचा आणि बैठकीत तेच तेच प्रश्न ऐकायचा. किती खर्च येईल? काँक्रीट बरं की हे? यात काय बिघडतं? तुमच्याशिवाय चांगलं काम कोण करतं? असे प्रश्न त्याने कागदावर उतरवले आणि मार्च २००९ पासून एकेका प्रश्नाला एकेक लेख, असं लिहायला घेतलं. प्रश्न तसाच्या तसा शीर्षकात. दिवसभराचं काम संपल्यावर रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून आठवड्याला दोन-तीन लेख.

इथे जरा थांबायला हवं, कारण नक्कल करणारे हमखास इथेच घसरतात. ते ‘कीवर्ड’ची, म्हणजे लोक सर्चमध्ये टाकतात त्या शब्दांची यादी काढतात, ती कुणातरी लेखकाला देतात आणि आठवड्याला दोन लेख ‘टाकून घेतात’. लेखांची संख्या तेवढीच भरते, पण त्यांत बैठकीत बसलेल्या माणसाचा कान नसतो. ‘काय बिघडतं?’ असं विचारताना गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर जी धास्ती असते, ती विक्रीला जाणाऱ्या माणसाने पाहिलेली असते. बाहेरच्या लेखकाला तिथे फक्त एक कीवर्ड दिसतो. म्हणून माझं ठाम मत आहे की अशा वेबसाइटचे पहिले तीसेक लेख मालकाने किंवा विक्रीवाल्याने स्वतः लिहावेत. लिहिता येत नसेल तर बोलून रेकॉर्ड करावेत आणि मग कुणाकडून नीट करून घ्यावेत. भाषा ओबडधोबड असली तरी चालते.

किमतीचा लेख

सगळ्यात गाजलेला लेख एका साध्या प्रश्नावरचा : फायबरग्लासच्या तलावाला खर्च किती येतो?

किंमत न सांगण्यामागे त्या धंद्यात तीन कारणं ठरलेली होती. प्रत्येक काम वेगळं, मग एक आकडा कसा सांगणार? सांगितला तर स्पर्धकाला कळेल. आणि आकडा पाहून गिऱ्हाईक पळून जाईल. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा त्या धंद्याचा जणू अलिखित नियम होता. ही कारणं वाचताना बहुतेक धंदेवाल्यांना आपलीच आठवतील, म्हणून ती एकेक करून पाहू.

पहिलं कारण खरं आहे, पण तेच लेखाचं पोट आहे. प्रत्येक काम वेगळं असतं म्हणजे नेमकं कशामुळे? आकारामुळे, जमिनीतल्या खडकामुळे, भोवतालच्या फरसबंदीमुळे, पाणी तापवायच्या सोयीमुळे, कुंपणामुळे. ही यादी लिहिली, प्रत्येक गोष्टीने खर्च कुठे सरकतो ते सांगितलं आणि शेवटी ‘साधारण इथपासून तिथपर्यंत’ असा पट्टा दिला की झालं. त्या लेखात एक ठाम आकडा नव्हताच, आणि कुणी तो मागितलाही नाही. खर्च कसा ठरतो हे कळलं तरी वाचणाऱ्याची घालमेल निम्मी होते.

दुसरं कारण विनोदी आहे. त्या भागातल्या तलाववाल्यांना एकमेकांचे भाव आधीच माहीत होते. माहीत नव्हते ते फक्त गिऱ्हाइकाला.

तिसऱ्या कारणावर मात्र खरा वाद होऊ शकतो. आकडा पाहून काही माणसं नक्कीच पळतात. पण पळणारी माणसं बैठकीतही पळणारच होती, फरक एवढाच की तोवर विक्रीवाल्याची एक संध्याकाळ आणि गाडीचं पेट्रोल गेलेलं असतं. आणि आकडा न सापडलेला माणूस फोन करत बसत नाही. तो मागे जातो आणि पुढच्या वेबसाइटवर क्लिक करतो. पळणाऱ्यांचा हा दुसरा गट कुठल्याच नोंदीत दिसत नाही, म्हणून त्याची भीती कुणाला वाटत नाही.

परिणाम असा झाला की खर्चाबद्दलच्या सर्चमध्ये ही वेबसाइट वर आली, कारण त्या प्रश्नाला तोंड देणारं दुसरं पान जवळपास नव्हतंच. वाचून आलेल्यांपैकी किती जणांनी फॉर्म भरला आणि त्यातल्या किती जणांनी तलाव घेतला, याचा माग कंपनीने हबस्पॉट या सॉफ्टवेअरमधून ठेवला. २०१३ मध्ये शेरिडनने सांगितलेला हिशेब असा, की त्या एका लेखापर्यंत माग लागलेली विक्री किमान १७ लाख डॉलरची होती. जाहिरातींचा खर्च तोवर सुमारे दहाव्या हिश्श्यावर आला होता.

स्वतःच्या मालातली खोट

किमतीचा लेख सगळ्यांना आठवतो. मला त्याच्या शेजारचे दोन जास्त धाडसी वाटतात.

एक होता फायबरग्लासच्या तलावातल्या अडचणींवर. विकणारा स्वतःच सांगतोय की यात अमुक बिघाड होऊ शकतो, ठरावीक रुंदी-खोलीपलीकडचा तलाव हवा असेल तर हा माल तुमच्यासाठी नाही, आणि तुमच्या मनातला वेगळाच आकार हवा असेल तर काँक्रीटवाल्याकडे जा. ‘समस्या’ हा शब्द सर्चमध्ये टाकणारा माणूस खरेदीच्या अगदी उंबरठ्यावर असतो. पैसे बाजूला काढून झालेले असतात, फक्त कुणीतरी धोका दाखवून देईल का, एवढं तो पाहत असतो. तो धोका स्पर्धकाच्या पानावर वाचण्यापेक्षा तुमच्या पानावर वाचलेला बरा.

दुसरा लेख होता रिचमंड शहर आणि आसपासच्या चांगल्या तलाव-ठेकेदारांवर. यादीत स्पर्धकांची नावं होती आणि रिव्हर पूल्सचं नाव नव्हतं. स्वतःला पहिला नंबर दिला असता तर लेख जाहिरात ठरला असता आणि वाचणाऱ्याने तिथेच सोडला असता. यादीमुळे झालं असं, की कुणी स्पर्धकाचं नाव आणि पुढे ‘कसे आहेत’ असं शोधलं तरी समोर हीच वेबसाइट यायला लागली. माणूस एका दुकानाची चौकशी करायला निघाला आणि दुसऱ्याच्या ओट्यावर येऊन बसला. यात लबाडी आहे का? मला थोडी वाटते, पण हसू येण्याजोगी. नावं खरी होती, कुणाची निंदा नव्हती आणि वाचणाऱ्याला हवं ते मिळत होतं. हाच लेख कुणी निंदेसाठी लिहिला असता तर महिनाभरात वकिलाची नोटीस आली असती आणि ती येणं योग्यच ठरलं असतं.

सोशल मीडिया कुठे बसला

आता सोशल मीडियाकडे. आयुष्यात एकदा तलाव घेणारा माणूस तलाववाल्याला ‘फॉलो’ कशाला करेल? खरेदीआधी त्याला अडचणींची उत्तरं हवी असतात, खरेदीनंतर त्याला कंपनीची आठवणही नको असते. रोज मजकूर टाकून ‘पेज’ जिवंत ठेवण्याची धडपड अशा धंद्यात फार फळत नाही. ज्या मालाची गरज आठवड्याला पडते किंवा जो पाहायलाच मजा येते, त्याचं गणित वेगळं.

पाहायला मजा येण्याचं उदाहरण त्याच काळातलं आहे. युटा राज्यातल्या ब्लेंडटेक या मिक्सर बनवणाऱ्या कंपनीने २००६ मध्ये ‘विल इट ब्लेंड?’ नावाचे व्हिडिओ युट्यूबवर टाकायला सुरुवात केली. पांढरा कोट घातलेला कंपनीचा संस्थापक टॉम डिक्सन मिक्सरमध्ये गोट्या, बागेतला दाताळा असलं काहीबाही टाकतो आणि त्याचा भुगा करतो. पहिल्या व्हिडिओंचा खर्च सुमारे ५० डॉलर. ते जगभर फिरले आणि मिक्सर खपले. तिथे मालाचा सगळा गुण अर्ध्या मिनिटात डोळ्यांना दिसत होता. शंका घेऊन आलेलं कुणी नव्हतंच, सगळे करमणुकीला आले होते. तलावाच्या गिऱ्हाइकाला करमणूक नको असते, त्याला धीर हवा असतो. दोन्ही प्रकरणं ‘सोशल मीडियाचं यश’ म्हणून एकाच भाषणात सांगितली जातात तेव्हा मला कसंसंच होतं.

रिव्हर पूल्सनेही व्हिडिओ केले, आणि लेख लिहिताना जी पद्धत होती तीच व्हिडिओत वापरली : एक प्रश्न, एक उत्तर. युट्यूब वापरायच्या पद्धतीने पाहिलं तर अर्धा सोशल मीडिया आणि अर्धं सर्चच आहे, लोक तिथे विचारायलाच येतात. तिथल्या व्हिडिओखालची लिंक वेबसाइटवर माणूस आणते. फेसबुकवरची पोस्ट वेगळ्या स्वभावाची. कंपन्यांसाठी फेसबुकची पानं नोव्हेंबर २००७ मध्ये सुरू झाली आणि सुरुवातीच्या वर्षांत पानावर टाकलेलं बऱ्याच जणांपर्यंत पोहोचायचं. मग ते कमी कमी होत गेलं आणि जानेवारी २०१८ मध्ये झुकरबर्गने सरळ जाहीरच केलं की इथून पुढे घरचे आणि मित्र यांच्या पोस्टना जास्त जागा मिळेल, धंद्यांच्या आणि माध्यमांच्या पोस्टना कमी. ज्यांनी आपलं सगळं लिखाण फेसबुकवरच केलं होतं त्यांच्या पायाखालची सतरंजी त्या दिवशी सरकली. ज्यांचं लिखाण स्वतःच्या डोमेनवर, म्हणजे स्वतःच्या वेबसाइटच्या पत्त्यावर होतं आणि फेसबुकवर फक्त त्याची लिंक जात होती, त्यांचं नुकसान झालं, पण घर शाबूत राहिलं. २००९ मध्ये लिहिलेला लेख २०१३ मध्ये गिऱ्हाईक आणतो. २००९ ची फेसबुक पोस्ट त्याच आठवड्यात तळाला गेलेली असते.

सोशल मीडियाचं एक काम मात्र नोंदीत नीट दिसतच नाही. तलाव घ्यायचा निर्णय घरातला एकटा माणूस घेत नाही. एकाने लेख वाचला की तो दुसऱ्याला लिंक पाठवतो, मेसेजमधून, मेलमधून. त्या लिंकवरून आलेली भेट आकडेवारीत ‘डायरेक्ट’ म्हणून पडते, जणू त्या माणसाने पत्ता हाताने टाइप केला. ‘द अटलांटिक’मध्ये अलेक्सिस मॅड्रिगलने २०१२ साली या प्रकाराला ‘डार्क सोशल’ असं नाव दिलं. यावर पूर्ण उपाय नाही. अर्धा उपाय म्हणजे आपण स्वतः जिथे जिथे लिंक टाकतो तिथे तिच्या शेवटी यूटीएमचं शेपूट, म्हणजे लिंक कुठे टाकली ते सांगणारे चार शब्द जोडायचे, म्हणजे भेट कुठून आली ते कळतं. (या यूटीएममधला ‘यू’ अर्चिन नावाच्या कंपनीचा. गूगलने ती २००५ मध्ये विकत घेतली आणि तिच्यातूनच वेबसाइटच्या भेटी मोजणारं गूगल ॲनालिटिक्स आलं. कंपनीचं नाव गेलं, शेपूट राहिलं.) आणि दुसरा अर्धा उपाय त्याहून जुना : फोन करणाऱ्याला विचारायचं, आमच्याबद्दल कुठे कळलं?

३० पानं आणि ८० टक्के

या प्रकरणातला सर्वांत जास्त मिरवला जाणारा आकडा असा. भेटीला जाण्याआधी ज्याने वेबसाइटची ३० किंवा जास्त पानं वाचली आहेत, तो ८० टक्के वेळा तलाव घेतो. शेरिडनच्या सांगण्यानुसार धंद्यातली सरासरी १० टक्के होती.

आकड्यावर अविश्वास नाही, पण त्याचा अर्थ सांभाळून लावायला हवा. ३० पानं वाचल्यामुळे माणूस तलाव घेतो, की तलाव घ्यायचं मनाशी ठरल्यामुळे तो ३० पानं वाचतो? दोन्ही थोडं थोडं खरं असणार. लग्न ठरल्यावर माणूस हॉलची चौकशी करतो, हॉलच्या चौकशीमुळे लग्न ठरत नाही. त्यामुळे कुणी या आकड्यावरून वेबसाइटवर ‘संबंधित लेख’ अशी खिडकी उघडून लोकांना पानापानांतून फिरवत बसला तर विक्री वाढेलच असं नाही.

शेरिडनने त्याचा केलेला वापर मात्र चतुर होता. वाचन त्याने विक्रीचाच भाग केलं. भेट ठरली की गिऱ्हाइकाला आधी वाचायला पाठवायचं आणि सांगायचं की हे वाचून ठेवा, मग आपण बोलू. वाचायला नाही म्हणणाऱ्याकडे जायचं की नाही याचाही विचार करायचा. जो माणूस एवढ्या मोठ्या खरेदीआधी थोडं वाचायलाही तयार नाही तो भावावरच घासाघीस करणार, असा त्यामागचा तर्क. वाचून आलेल्या गिऱ्हाइकासमोर विक्रीवाल्याला काँक्रीट आणि फायबरग्लासमधला फरक समजावत बसावं लागत नाही. तो सरळ त्यांच्या अंगणाबद्दल बोलतो. म्हणजे लेखांचा अर्धा फायदा नव्या पाहुण्यांकडून आलाच नाही. जे आधीच दारात होते त्यांना आत घ्यायला ते लेख उपयोगी पडले. वेबसाइटवर किती माणसं आली एवढंच मोजणाऱ्याला हा अर्धा फायदा कधीच दिसणार नाही.

नको असलेली गर्दी

आणि इथे या प्रकरणातली सगळ्यात रंजक अडचण येते, जी भाषणांत सहसा सांगत नाहीत. कंपनी काम करत होती दोन राज्यांत. लेख मात्र इंग्रजी समजणाऱ्या साऱ्या जगाला दिसत होते. काही वर्षांत ही वेबसाइट तलावांच्या धंद्यातल्या सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या वेबसाइटांपैकी एक झाली. म्हणजे येणाऱ्यांपैकी बहुतेक जण असे, ज्यांच्या अंगणापर्यंत कंपनीचा ट्रक कधीच पोहोचणार नव्हता. टेक्सासमधल्या माणसाने ३० पानं वाचली तरी व्हर्जिनियातल्या कंपनीला त्यातून काय मिळणार?

मिळतं, पण उशिरा आणि आडवळणाने. सर्चला लेख कुठल्या राज्यातल्या माणसाने वाचला याचं फार सोयरसुतक नसतं. लांबच्या वाचकांनी, वार्ताहरांनी दिलेल्या लिंका जवळच्या गिऱ्हाइकालाही लेख वर दाखवायला मदत करतात. हा एक फायदा. दुसरा मोठा. कंपनीने पुढे तलावाची टबं स्वतः बनवायला घेतली आणि इतर ठिकाणच्या बसवणाऱ्यांना आपल्या नावाखाली काम करायला दिलं. तेव्हा नको असलेली गर्दी अचानक हवीशी झाली. टेक्सासच्या माणसाला सांगायला आता पत्ता होता. शेरिडन स्वतः तोवर तलाव विकण्यातून बराचसा बाहेर पडून इतर धंद्यांना हेच शिकवू लागला होता.

हे आधीपासून ठरवलेलं होतं असं मानायला मी तयार नाही. २००९ च्या हिवाळ्यात पगार कसे द्यायचे हा प्रश्न असताना कुणी फ्रँचायझीचा विचार करून लेख लिहीत नाही. पण ज्याचा धंदा एकाच भागापुरता आहे आणि पुढे वाढायचीही शक्यता नाही, त्याने हे प्रकरण वाचताना ही मेख लक्षात ठेवावी. त्याच्यासाठी ‘रिचमंडमधले चांगले ठेकेदार’ या जातीचा, ठिकाणाचं नाव असलेला लेख जगभर वाचल्या जाणाऱ्या लेखापेक्षा जास्त कामाचा. भेटींचा आलेख त्यात बुटका दिसेल, दिसू दे.

जे आता तसंच करता येणार नाही

शेरिडनच्या नशिबाचा भागही मोजायला हवा. त्याने सुरुवात केली तेव्हा त्याच्या धंद्यात स्पर्धकांपैकी जवळपास कुणीच लिहीत नव्हतं. एक बरा लेख लिहिला की तो वर जात होता. मग सगळेच लिहू लागले, भाडोत्री लेखांचे ढीग लागले, आणि गूगलने फेब्रुवारी २०११ मध्ये सर्चच्या क्रमवारीत ‘पांडा’ नावाचा बदल आणून असल्या पोकळ पानांना खाली ढकललं. ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा तसाच एक मोठा बदल आला. सर्चसाठी लिहिलेलं आणि माणसासाठी लिहिलेलं यात फरक करायचा तो प्रयत्न होता. तो दर वेळी साधला असं नाही. चांगलं लिहिणारेही त्यात भरडले गेले.

मोठा बदल त्यानंतरचा. मे २०२४ पासून गूगलने अमेरिकेत सर्चच्या डोक्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेलं उत्तर द्यायला सुरुवात केली. ‘फायबरग्लासच्या तलावाला खर्च किती?’ असं आज विचारलं तर पट्टा तिथेच वाचायला मिळतो आणि खालच्या लिंकवर जायचं कारण उरत नाही. ज्या लेखाने १७ लाख डॉलरची विक्री आणली, तोच लेख आज नव्याने लिहिला तर त्याचं सार दुसऱ्याच्या पानावर फुकट वाढलं जाईल.

रिव्हर पूल्सच्या वेबसाइटवर किमतीचं आता एक गणनयंत्रही आहे. आकार निवडायचा, सोयी निवडायच्या आणि आपल्या तलावाचा अंदाज मिळवायचा. मूळ प्रश्न २००९ चाच आहे. पण या उत्तराचा सारांश काढून सर्चच्या पानावर चिकटवता येत नाही, कारण ते वाचणाऱ्याने स्वतः चार खटके दाबल्याशिवाय तयारच होत नाही. आणि ते दाबायला त्याला वेबसाइटवर यावं लागतं.